एकोणीस इंचांचं झबलं

नाही नाही मोतीबाई, शून्य म्हणजे तुमच्या दिवलीला शिवता येत नाही असं नाही — बसा ना, उभ्या का? घोंगडी आहे तिथं, बसा — शून्य एकाच रकान्यात आहे. बाकीचं बघा, टाक्याला पंचवीसपैकी चोवीस. चोवीस मी कुणालाच दिले नाहीत, मोठ्या बाईंच्या भाचीला एकवीस दिलेत, तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. सफाईला बावीस, उरकाला तेवीस. मराठी कळतं ना तुम्हाला? बाजारापुरतं कळतं, तुमची लेक म्हणाली होती. मग सावकाश सांगते. तपासणीच्या बाईंनी यंदा नाशकाहून छापील तक्ताच पाठवला. पूर्वी कसं, झबलं हातात घ्यायचं, उलटंसुलटं बघायचं, बरं आहे म्हणायचं आणि द्यायचे गुण. आता तसं नाही. टाका, माप, सफाई, उरक — चार रकाने, प्रत्येकात आठ तरी हवेत, एकात कमी पडले की मुलगी नापास, मग बाकीचे कितीही असोत. मी नाही ठरवलं हे. मी आपली सातवी झालेली बाई, शिवण शिकवते, कागदावर लिहिलंय तसं वागते. कोण विचारतं मला?

आणि नापास झाली की आश्रमात जागा राहत नाही, ते गुरुजींनी सांगितलं असेलच तुम्हाला — म्हणूनच आलात ना एवढा डोंगर उतरून शहाद्याला? मागायला नाही आलात काही, कळतं मला, तिचं गाठोडं न्यायला आलात. खापर गावाच्या बाजूला लाकूडतोडीवर जाणार सगळे, तीही जाईल. तिथं कुठली सुई नि कुठली शाळा! असा हात मी दुसऱ्या कुठल्या मुलीचा पाहिला नाही हो. खरंच सांगते.

झालं काय, तक्त्यात लिहिलंय — सहा महिन्यांच्या मुलाचं झबलं, छाती एकोणीस इंच, अर्धा इंच इकडेतिकडे चालेल, त्यापुढे शून्य. मुलींना मी वर्तमानपत्राचा कागद कापून दिला, त्यावरून बेतायचं. पण दिला त्या आठवड्यात दिवली होळीला तुमच्याकडे. होळीला डोंगरातल्या पोरी अडवून अडतात का? आली परत, नाचून नाचून टाचा फुटलेल्या, परीक्षा तोंडावर. मला विचारायचं की नाही? नाही विचारलं. तुमच्याकडे अंगाला दोरा गुंडाळून गाठ मारतात ना मापाला? तिनं तेच केलं. हा माझा हिंमत इथंच झोळीत निजतो मी शिकवते तेव्हा — सासूबाई म्हणतात, "पोऱ्याले घर ठेवत जाय वं", पण मला डोळ्यांआड करवत नाही, झोपला की नाकापुढे बोट धरून बघते, हसतात सगळ्या मला — तर हिनं झोळीत हात घालून दोरा लावला. नंतर मला म्हणते, "बाई, सहा महिन्यांचं मूल लिहिलंय ना, मग हे सहा महिन्यांचंच आहे की." काय चुकलं तिचं? काही नाही चुकलं. पण झबलं सोळा इंच भरलं.

हसू नका. — नाही हसलात, हो, मलाच वाटलं.

मी आधी म्हटलं, मांजरपाट आहे, आकसला असेल. मोठ्या बाई म्हणाल्या, "कोरं आहे ते, धुतलंय कुठं?" त्या काही वाईट नाहीत हो. ऐकून घेतलं त्यांनी सगळं, आणि म्हणाल्या, शेऱ्याच्या जागी लिहा की माप प्रत्यक्ष मुलावरून घेतलं. हिंमतला आणा, माझ्यासमोर फीत लावा, जुळलं की पुरते गुण. एवढं सोपं. फीत लावायची नि एक ओळ लिहायची. मग लिहिलं का नाही? — तुम्ही विचारत नाही, तुम्ही नुसत्या बघताय मघापासून — लिहिणार होते. फीत सापडली नाही. म्हणजे सापडली, गळ्यातच आहे माझ्या, ही बघा. तो झोपला होता. मग त्याला शिंका आल्या, शिंकणाऱ्या मुलाला कशाला उघडं करायचं? आणि एकोणीस म्हणजे तरी काय, मुंबईची कुठली तरी दूधतूप खाणारी पोरं मोजली असतील. आपल्याकडे बारीकच असतात. सासूबाई म्हणतात, "त्याना बाप बी असाच व्हता." असेल. पण शेऱ्यात कसं लिहायचं ते? दिवलीचं माप बरोबर आहे असं लिहिलं, की मग कमी कोण आहे? कागद नाशकाला जाणार, तिथं चष्मा लावून कुणीतरी वाचणार, अमक्या बाईचं मूल सोळा इंच — आणि ते कुणी लिहून दिलं? त्याच्या आईनं. खाली सही करून.

मी घालून पाहिलं ते त्याला. परवा सकाळी, कुणी नव्हतं तेव्हा. बसलं. बंद ओढावेसुद्धा लागले नाहीत. मी शिवलेली सगळी त्याच्या अंगावर पिशवीसारखी लोंबतात, कुणी विचारलं तर मी म्हणते, वाढत्या अंगाची शिवलीत. हे एकच बसलं. लगेच काढलं मी, घडी करून ठेवलं, आणि पेन उचललं, नि मापाच्या रकान्यात —

अहो, कशाला उचलता? निजू द्या ना. — बरं, जागाच आहे तर घ्या. दुपटी सोडू नका. उकाडा आहे, हो, पण त्याला वारं सोसत नाही. रडत नाही तो, शहाणा आहे, मोठ्यानं म्हणून कधी रडत नाही. टोपडं राहू द्या हो. तुमची किती वाचली, मोतीबाई? — नको, सांगू नका.

हो, आले हं, मोठ्या बाई! कागद तयार आहे, सही तेवढी राहिलीय, आले! — उठा आता तुम्ही. बाहेर दिवली उभी असेल, तिला बाकी काही बोलू नका, माप चुकलं एवढंच सांगा. पुढच्या वर्षी — नाही, पुढच्या वर्षी कुठली. जा. दिवस मावळायच्या आत डोंगर गाठायचाय तुम्हाला. आणि त्याला द्या इकडे. द्या म्हणते ना. — अशा काय बघता माझ्याकडे? हलका नाहीये तो.