समोरच्या खिडकीतली कप्पी

—नाही नाही, तिथं नका बसू, तो दगड तापलाय, पँट करपेल. इकडे या, या पायरीवर, इथं ऊन येतच नाही. बसा हो, लाजताय काय — मघापासून बघतेय मी, याच गल्लीतून पुन्हा पुन्हा चाललाय तुम्ही, आणि दर खेपेला चाल आणखी बिघडतेय. डावी टाच सोलवटली ना? सोलवटणारच, हे बूट बघा! झाग्रेबचे ना तुम्ही? बघा, ओळखलं की नाही! अहो, स्प्लिटमध्ये ऑगस्टात मोजे घालतो कोण — एक झाग्रेबचा माणूस, नाहीतर मढं. रागावू नका. माझी जीभच तशी. नवरा म्हणायचा — म्हणतो, अजून म्हणतोच — की तोंका, ही तुझी जीभ जरा दोरीवर वाळत घाल, तेवढा वेळ तरी घरात शांतता.

मग? झालं बघून शहर? सगळं? एका दिवसात, पायी? धन्य आहे. तळघरं झाली, घंटेचा मनोरा झाला — तोही चढलात, या उन्हात! — आणि वेशीबाहेरच्या त्या बिशपच्या पुतळ्याचा अंगठा चोळलात. चोळलातच, हात बघा कसा पिवळा झालाय. नशीब उघडतं म्हणे. आम्ही कधी चोळला नाही, म्हणून आमचं हे असं असेल. मरियानच्या टेकडीवर पण? आणि मासळीबाजार? दुपारी गेलात? मग काय, बर्फ बघितलात तुम्ही. सकाळी उजाडता उजाडता जायचं असतं, तारली अशी चकाकत असते. आणि रीवावर, खाली समुद्राकाठच्या त्या फरसबंदी रस्त्यावर, कॉफी प्यालात ती उभ्याउभ्या, हो ना? ती कॉफी नव्हे हो, ते औषध. बेपो — माझा नवरा — एका कपापुढं सकाळची दुपार करायचा. पांढरा शर्ट, कडक इस्त्री, मनगटापर्यंत बाह्या, उन्हाळा असो नाहीतर हिवाळा. जन्मभर गोदीत जहाजाचे पत्रे जोडले त्यानं, ठिणग्यांनी हात सगळे ठिपक्याठिपक्यांचे, पण रीवावर जाताना असा जायचा की अनोळखी लोक त्याला कप्तान म्हणायचे. आणि तो मेला कधी नाही म्हणायचा नाही!

वर बघताय काय — हो, ह्या भिंती त्या बादशहाच्याच. आम्ही त्यांत भोकं पाडून खिडक्या केल्या. रोमन बादशहा, एवढ्या मोठ्या राज्याला कंटाळला आणि म्हातारपणी राहायला म्हणून हा राजवाडा बांधून घेतला त्यानं, इथं येऊन कोबी लावत बसला म्हणतात. सांगितलं असेल तुम्हाला कुणा गाइडनं छत्री वर करून. मी लहानपणापासून ऐकतेय, कधी काही वाटलं नाही. हल्ली वाटतं. शहाणा माणूस — स्वतःचं म्हातारपण स्वतः बांधून घेतलं. त्याला कुणी सांगायला आलं नाही, की बाबा, टेकडीपलीकडच्या वृद्धाश्रमात जागा झालीय, सोमवारपर्यंत हो की नाही ते कळवायचंय.

काही नाही. आपलं असंच म्हटलं. घ्या, अंजीर घ्या. घरचे आहेत, बहिणीच्या झाडाचे. आणि हा एक घोट. घ्या हो, पाण्यासारखी दिसते पण टाचेचं दुखणं डोक्यात जाऊ देत नाही. — बघा! खोकलात ना? झाग्रेब!

बरं, आता ऐका. कामापुरता मामा म्हणा हवं तर, मला चालेल. ती वरची हिरवी खिडकी, माझ्या खिडकीच्या बरोब्बर समोरची — ती खोली तुम्हीच घेतलीय ना आजच्या रात्रीपुरती? सकाळी दारात किल्लीशी कुस्ती चालली होती तुमची, मी वरून बघत होते. आता दोन्ही खिडक्यांच्या मध्ये बघा. ती दोरी दिसते? लोंबतेय बघा, मेल्या सापासारखी. माझ्या खिडकीत एक कप्पी, त्या खिडकीत एक कप्पी, मधून फिरती दोरी — इकडून ओढली की कपडे तिकडे, तिकडून ओढली की इकडे. अख्खं स्प्लिट असंच कपडे वाळवत आलंय, कारण अंगण कुणाला आहे? तर ती त्या बाजूच्या कप्पीवरून निसटलीय. तुमच्या आधी दोन पोरं उतरली होती, पोहून आली आणि ओले टॉवेल टाकून असा हिसका दिला, की झालं. दोन मिनिटांचं काम आहे. पण माझा हात काही गल्ली ओलांडून पोचत नाही.

विंका असती तर — विंकाची खोली ती. दोन वर्षं झाली जाऊन. आम्ही दोघी बोलत नव्हतो हो! कधीपासून ते विचारू नका, कशावरून तेही विचारू नका, तिनं माझ्या आईच्या पाशतिचादेला गोड म्हटलं होतं — मटणाला! — पण दोरी एकच. सोमवार तिचा, मंगळवार माझा. दोरी अडली की ती खिडकी आपटायची, मी उलट आपटायची, झालं आमचं बोलणं. ती गेली त्या दिवशी मी खिडकी उघडीच ठेवली. आता तिचा भाचा म्युनिकमध्ये बसून खोली भाड्यानं देतो. काल फोन केला मी त्याला. म्हणतो, सुटली ना, बरंच झालं, कापूनच टाकतो, पाहुण्यांच्या फोटोत बनियनी येतात. अरे गाढवा, पाहुणे फोटो त्या बनियनींचेच तर काढतात!

आत वाळत घाला म्हणता? आत वाळेल का? असा दक्षिणेचा दमट वारा सुटलाय, भिंतींना घाम येतोय. आणि प्रश्न वाळण्याचा नाहीये. दोरीवर कपडे दिसायला हवेत. आज. माझी नेडा यायचीय बेटांवरनं, बोटीवर स्वयंपाकघरात असते ती. या दिवसांत बोटींना कुठली आलीय उसंत — एक बोट लागली की दुसरी सुटायच्या आत पळत येते, खालूनच ओरडते, वर दोरीकडे बघते, पळत जाते. म्हणून. कळलं? नाही कळलं. नका कळू देऊ. उठा, चला. तुम्ही तुमच्या जिन्यानं, मी माझ्या. आणि खिडकीचं दार आधी वर उचला, मग ढकला, नाहीतर हातात येईल.

—हां, दिसलात! काय हो, किती वेळ, मी म्हातारी आधी पोचले. आता वाका. आणखी वाका, पडत नाही, विंका गुडघे मोडल्यावरसुद्धा वाकायची. ती लोखंडी कप्पी दिसली? गंजलेली, हो. दोरी तिच्या खाचेत — उजवीकडून, उजवीकडून हो, तुमच्या नव्हे, माझ्या उजवीकडून — बसली? मी ओढते. आली! आली हो! ऐका तो आवाज, कुरकुर कुरकुर, दोन दिवस झोप नव्हती मला या आवाजाविना. देव तुमचं भलं करो. आता थांबा तिथंच जरा, पुन्हा निसटली तर? मी चार कपडे टाकते तोवर.

काय बघताय? हो, घडीचा शर्ट आहे. हो, इस्त्रीचा. बादलीत बुडवतेय. शर्ट माझा, बादली माझी. कपाटात राहून वास लागतो म्हणून — अहो, तुम्ही झाग्रेबचे लोक, तुम्हाला काय कळणार. खिडकी लावा तुम्ही. नको, थांबा, ती दोरी धरा. आणि माझ्या मागं नका बघू. मागं नका बघू म्हणते ना!

...बघितलंत. बरं. मग बघा. तो बेपो. हसतोय तुमच्याकडे बघून, अर्ध्या तोंडानं हसतो तो आता. हिवाळ्यात झटका आला, उजवी बाजू गेली, मग काठी घेऊन चालायला लागला, रीवापर्यंत जायला लागला, मी म्हटलं टळलं. ईस्टरनंतर एक दिवस उठला नाही. तेव्हापासून हे असं. बोलणं गेलं. काही हवं असलं की अंगठी पलंगाच्या लोखंडावर आपटतो. लंगोट बांधला तर उपटून फेकतो, कप्तान ना! मग चादर. रोज चादर. कधी सकाळी एक, दुपारी एक. त्या चादरी दोरीच्या मागच्या पदराला, आतल्या बाजूला लावते, आणि पुढच्या पदराला, गल्लीकडं, शर्ट. हे असे. कपाटातला काढायचा, भिजवायचा, वाळवायचा, इस्त्री करायची, पुन्हा कपाटात. कुणी घातलेला नाही यातला एकही. नेडा खालून ओरडते, आई, बाबा गेले वाटतं कॉफीला? मी म्हणते, हो, आत्ताच गेला बघ. झाकली मूठ सव्वा लाखाची.

खोटं म्हणता? म्हणा. तिनंच अट घातली ना हिवाळ्यात! आई, बाबा आपल्या पायांनी रीवावर जातायत तोवर ठीक. ज्या दिवशी ते उठायचे बंद होतील त्या दिवशी मी त्यांना आश्रमात ठेवणार, कारण तू त्यांना उचलता उचलता मरशील, आणि मग मी बोटीवर असताना मला दोन मढी सापडतील. असं म्हणाली. अशीच बोलते, जीभ माझ्यावर गेलीय. आता म्हणते जागा झालीय. त्याला तिथं कशी देऊ? तिथं सगळ्यांना एकसारखे पायजमे घालतात हो, मी बघितलंय, रेषारेषांचे, कैद्यासारखे. बेपोला! ती वर येते ना महिन्यातून एकदा, तर मी आदल्या रात्रीपासून लागते. दाढी करते, शर्ट चढवते, खुर्चीत टेकवून उशा लावते, पायांवर शाल, हातात पेपर. ती म्हणते, बाबा गप्प का? मी म्हणते, तुझ्यावर रागावलाय, येत नाहीस म्हणून. आणि ती रडकुंडीला येते, आणि तो — तो ऐकत असतो सगळं. त्याला सगळं कळतं. तो अंगठी आपटत नाही त्या वेळी. मला सांभाळून घेतो.

आणि मी? मला काय झालंय, मी धडधाकट. फक्त ही चादर पिळता येत नाही. ओली चादर एकट्या बाईला पिळता येत नाही हो, नळाला एक टोक बांधते आणि दुसरं पिळते, तर परवा नळच उपटून आला. बसले मग तिथंच, बादलीशेजारी. तो अंगठी वाजवतोय, वाजवतोय, आणि मी बसलेली. उठावंसंच वाटेना. वाटलं, वाजव. वाजव किती वाजवायचीय ती. असं वाटलं मला. पन्नास वर्षांच्या संसारात नवऱ्याबद्दल असं —

काय? खाली काय दाखवताय? कोण आहे खाली?

नेडा.

बोटीचा भोंगा कसा नाही ऐकला मी. केव्हापासून उभी आहेस तू? अगं केव्हापासून, विचारते ना! ...शर्टापासून. म्हणजे सगळंच. टोपी तरी काढ ती बोटीवरची, घाम बघ किती आलाय. नाही, बाबा कॉफीला गेलेला नाही. ऐकलंस ना, मग कशाला विचारतेस. रडू नकोस गल्लीत, सगळी गल्ली परक्यांची आहे, फोटो काढतील. ये वर. सुटू दे बोट, आजच्या दिवस तळतील त्यांची मासळी त्यांची ते. जिन्यात हात धरून ये, कठडा हलतो.

...आलीस. बघ बेपो, कोण आलंय. आज शर्ट नाही, आज हा असाच आहे, बनियनमध्ये. जा, पापा घे त्याचा. डाव्या गालाचा, तिकडे कळतं त्याला. ...बास. बास गं. आता काही बोलू नकोस मला, ओरडायचं ते मग ओरड. हे धर. चादरीचं टोक धर. घट्ट. पीळ. — अगं उलट पीळ! मी इकडे पिळतेय आणि तू पण इकडेच, मग पाणी कसं निघेल? तुझा हात उलटा फिरव. हां. असं. बघ किती निघतंय.

थकले गं नेडा. फार थकले मी.

सोमवारी मी येते तुझ्याबरोबर तिथं. हो म्हटलं नाही मी अजून, बघायला येते. त्याच्या पलंगाशी खिडकी आहे का, आणि ती कुठं उघडते, ते मला बघायचंय. आणि शर्ट मी देणार त्याला, रोजचा इस्त्रीचा, पायजमा नाही, हे तू सांगायचंस त्यांना, तुझ्या जिभेनं.

आणि तुम्ही — अहो, अजून तिथंच? दोरी सोडा आता, नीट बसलीय ती. झालं तुमचं काम. खिडकी लावून घ्या. लावा हो.