बाकी सगळं स्थिर धरून

"आई, हिच्या हाताची सीमांत उत्पादकता शून्य आली बघ!" ...आता तुम्हीच सांगा, नव्या नवरीनं दाराआडून ऐकावं असं वाक्य आहे का हे? बोलणारे कोण, तर आमचे हे, परमेश्वरराव! शेतीच्या अर्थशास्त्रात पीएचडी करतात, आणि दिंद्रुडच्या घरच्याच कापसावर उत्पादन फलन की काय ते मांडून बसलेत. सासूबाई घाबरल्या ना, "म्हंजी काई आजार हाय का रं?" "न्हाई गं! बाकी सगळं स्थिर धरून घरात एक माणूस वाढवलं, तर कापूस किती वाढतो? हिच्यानं काईच न्हाई वाढला!"

बाकी सगळं स्थिर धरून! तुम्हाला सांगते, या घरात स्थिर काय असेल तर लॅपटॉपपुढे बसलेले हे! पाऊस लागवडीनंतर जो गायब झाला तो बोंडं फुटल्यावर उगवला, मग बोंडअळी आली, रानडुकरं आली, त्याच वर्षी मी आले... आणि शून्य कुणाच्या नावावर? माझ्या! बरं, आकडे तरी कसे? यांनी मामंजींना विचारलं, "फवारण्या किती झाल्या?" ते बाजेवर पडल्या पडल्या म्हणाले, "धर की रं तीन!" धरल्या तीन! मी वेचणाऱ्या बायांना भाकरी थापते, रानात पाणी नेते, त्यांची म्होरकी छबुबाई लई रुसकी, तिच्या दारात जाऊन समजूत काढते, कारण ती नाही आली तर एकही बाई येत नाही... हे कुठं धरलं? तर त्याला रकानाच नाही म्हणे!

मी गप्पच बसले असते हो, स्वभावच तसा. पण या आठवड्यात घाटनांदूरला माझ्या धाकट्या बहिणीचं, विजयमालाचं लग्न, आणि कालच सासूबाईंनी फर्मावलेलं, "हळदीला कशाला जायचं? अक्षता टाक अन् माघारी ये. ऐन येचणीत हात कमी पडतेत!" म्हणजे बघा... वेचणीत माझ्यावाचून अडतं, अन् गणितात मी शून्य! बाकी सगळं स्थिर धरून!

भरली पिशवी, गेले तिघांसमोर. पदर सारखा केला, अन् म्हणाले...

"अहो, शून्य वजा केल्यावर कमी काय होतंय? आत्याबाई, मी हळदीला चालले, बहिणीची पाठवणी करूनच येते. छबुबाईची समजूत तेवढी तुम्ही काढा, भाकरीचं मामंजी बघतील. आणि अहो... मी येईस्तोवर बाकी सगळं तुम्ही स्थिर धरा!"