सोला आणि सोलो

आमची बायको स्पॅनिशमध्ये पास झाली, पण कशी झाली ते ऐका की राव.

परवा तिची ऑनलाइन तोंडी परीक्षा होती. खोलीत दुसरं कुणी नको, असा नियम. मी आपला कॅमेऱ्यात दिसणार नाही असा कोपऱ्यात कडक भाकरी घेऊन बसलेलो.

पुण्याच्या मॅडमनी विचारलं, "एस्तास सोला?"

ही खुशीत स्पॅनिशमध्ये हो म्हणाली, "सी, सी! सोलापूर!"

"अहो, गाव नाही विचारलं. सोला म्हणजे एकटी. पुरुष असेल तर सोलो. खोलीत एकट्याच आहात ना?"

"सी. सोला."

नेमकी तेव्हाच माझी भाकरी कडाकड वाजली.

मॅडम म्हणाल्या, "मग हे कोण खातंय?"

बायकोनं माझ्याकडं वळूनसुद्धा बघितलं नाही.

"हे व्हय? हे सोलो."