मंगळावरची नोकरी

मंगळाचं कौतुक मला सांगू नका. मागे एका जपानी कादंबरीकाराला आमच्या टूर कंपनीच्या गाडीतून इथले, ओमानमधल्या रुस्ताकचे उघडेबोडके डोंगर दाखवत होतो. साहेबांना म्हणे मंगळ हुबेहूब लिहायचा होता! पण चहाला थांबलो तर चेहरा पडलेला.

"काय झालं, सर?"

"माझा नायक नोकरीसाठी बायको-मुलीला सोडून पाच वर्षं मंगळावर राहतो. संपादक म्हणतात, हे वाचकांना पटणार नाही."

"अरेरे! मग?"

"आता दोघींनाही यानात बसवतोय. तुमचं कुटुंब इथंच?"

"चिपळूणला. मुलगी रांगत होती तेव्हा मी इथं आलो. आता बारावीला आहे."

साहेबांनी चष्मा पुसला. "हे तर वाचकांना मुळीच पटणार नाही."

म्हटलं, "वाचकांचं सोडा, सर. माझ्या मुलीलाही अजून पटलेलं नाही."