इंदूचा ताप उतरला

हॅलो?

हॅलो… कोण, सिद्धू? अगं, दाक्षायणी अक्काच बोलतेय. आवाज ओळखला नाहीस की काय… हां, डोक्यावर पंखा आहे, त्याची घरघर. थांब, बारीक करते.

हां, बोल.

डोळा? बराय की… नाही, लाली नाही. पाणी यायचंही थांबलं… थेंब चाललेत की. हेच घालतात. घड्याळ लावून घालतात बाई, एक मिनिट इकडंतिकडं नाही. सगळी नोकरी एसटी स्टँडवर कंट्रोलर म्हणून काढली, रिटायर होऊन दोन महिने झाले म्हणून सवय जाते होय?

काय म्हणालीस? कुणी फोन केला? आमच्या ह्यांनी? तुला?

कधी?… काल दुपारी. मग मी झोपले होते तेव्हा केला असणार. काय विचारलं?

परत सांग.

पहिलीतल्या पोरीच्या दोन वेण्या घालतात की एक… आणि रिबीन कुठल्या रंगाची.

तू काय सांगितलंस?

दोन वेण्या, वर दुमडून बांधलेल्या. लाल रिबीन. बरं.

नाही गं, आहे मी. ऐकतेय… नाही, मला ठाऊक नव्हतं तुला फोन केलेला.

अगं, डोक्यावर परिणामबिरिणाम काही नाही… सिद्धू, ऐक की… हो, रिटायर झाल्यावर माणसं अशी होतात, तुझ्या सासऱ्यांचं बघितलंय मी. ह्यांचं तसं नाही… बसवेशला? तू बसवेशला फोन केलास? का पण? तो पोरगा आज पुण्याहून निघेल नि उद्या बापाला कुठल्या मोठ्या डॉक्टरपुढं नेऊन बसवेल… उचलला नाही? बरं झालं. मेसेज टाकलायस का?… मग डिलीट कर आधी. हो, आत्ता. मी धरते.

केलास? बघितला नव्हता ना त्यानं?… बरं. आता गॅस बंद कर नि बस कुठंतरी. भाकरी मागनं होईल.

बसलीस?

ऑपरेशनच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलं, पंधरा दिवस वाकायचं नाही, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही नि पुस्तक हातात धरायचं नाही. म्हणजे संपलंच की. माझ्या दिवसात दुसरं आहे काय? सकाळी झाडं, दुपारी पुस्तक. या दिवसांत तर… तुला ठाऊक आहे, जेवणं झाली की फरशी ओल्या फडक्यानं पुसायची, चटई टाकायची, खिडकीला वाळ्याचा पडदा, उशाशी पाण्याचा तांब्या, नि चार वाजेपर्यंत कुणी हाक मारायची नाही. बाहेर बेचाळीस असू दे नाहीतर चव्वेचाळीस. मला काय त्याचं?

हो, झाडं ह्यांच्याकडं दिली. पहिल्या दिवशी काय केलं माहितीये? नळाला पाणी पाचव्या दिवशी, नि ह्यांनी एकट्या मोगऱ्याला दोन बादल्या ओतल्या. मी आतनं ओरडले… आता जमतं की. तांदळाचं धुवण कढीपत्त्याला, भाजी धुतलेलं लिंबाला. सगळं वहीत लिहून ठेवलंय. झाडं लावलेल्या रंगाच्या डब्यांवर खडूनं आकडे घातलेत. फलाट क्रमांक एक मोगरा, दोन सायली, तीन अडुळसा… हस की, मीही हसले. संध्याकाळी ओल्या रुमालात मोगऱ्याच्या कळ्या आणून उशाशी ठेवतात. डोळ्यावर पट्टी होती त्या दिवशी वासावरनंच कळलं मला, कळ्या उमलल्या म्हणजे दिवस मावळला.

पुस्तकाचंच सांगते, थांब.

वाचनालयातनं आणलेलं, जाडजूड. कव्हर गेलेलं, नावाचं पानही नाही. एक मास्तरीण असते, लांब डोंगरातल्या गावात बदली झालेली. नवरा नाही. एक पोरगी, इंदू, पाच वर्षांची. त्या गावाला रस्ता धड नाही, गाडी नाही, तेच तर सगळं मास्तरणीचं दुःख. मी कुठं आले होते, तर इंदूला ताप भरलाय, बाहेर पाऊस थांबेना नि ओढ्यावरचा पूल गेलाय. नि दुसऱ्या दिवशी माझं ऑपरेशन.

तेच की. जीव अडकून पडला. घरी आल्यावर मी आपलं सहज म्हणाले, इंदूचं काय झालं असेल कोण जाणे. हे उठले, चष्मा पुसला नि म्हणाले, मी वाचतो.

अगं, या माणसानं जन्मात वेळापत्रक सोडून काही वाचलंय का? वाचायचे कसे, ऐकायला हवं होतंस तू. "मास्तरीणबाई… खिडकीपाशी… उभ्या राहत आहेत." नि तेच वाक्य परत एकदा. शेजारच्या भिमाबाईंनी भिंतीवरनं विचारलं, कुठली गाडी लागली म्हणून.

हो ना… दोन दिवस तसंच चाललं. तिसऱ्या दिवशी बसले नि नुसती पानं उलटत राहिले. मी काळ्या चष्म्यातनं बघतेय. म्हटलं, काय झालं? तर म्हणाले, काही नाही, वाचतो. नि वाचायला लागले, पण आवाज वेगळाच. स्टँडवरचा नाही. हळू. "मास्तरणीनं इंदूला शालीत गुंडाळलं नि फाट्यावर आली. चार चाळीसची गाडी वेळेवर आली. ड्रायव्हरनं पुढचं सीट रिकामं करून दिलं. सव्वापाचला गाडी दवाखान्याच्या दारात. डॉक्टर जागेवर होते. इंदूचा ताप उतरला."

मला तिथंच कळलं. पूल गेलेला, गाडी कधी येतच नाही त्या गावाला, नि ह्यांच्या वाचनात चार चाळीसची…

हो.

हो, सिद्धू. तीच. आपल्या फाट्यावरनं अक्कलकोटला जाणारी.

तू नववीत होतीस. तुझ्याच मांडीवर होतं की माझ्या पोरीचं तापलेलं डोकं… कुणाचा दोष नव्हता गं. वळवाचा वारा सुटला, रस्त्यावर झाड आडवं पडलं, गाडी पलीकडं अडकली. बैलगाडी जुंपून आणेपर्यंत… राहू दे. रडू नको. हे तेव्हा सांगोल्याच्या स्टँडवर. निरोप मिळून हे पोचले तोवर सगळं आटपलं होतं. या वैशाखात एकोणतीस वर्षं होतील.

एकोणतीस वर्षांत या माणसानं एकदाही पोरीचं नाव घेतलं नाही. मी घेतलं की उठून जायचे. मला लई राग होता त्याचा. तुला कधी सांगितलं नाही, आपली आई असून अव्वालाही नाही सांगितलं. मला वाटायचं, ह्यांना काही नाहीच. ड्यूटी, जेवण, झोप. बसवेश झाला नि ह्यांनी पाटी पुसून टाकली… हो, असंच वाटायचं मला.

मग काय, पुढच्या दिवशी इंदू अंगणात खेळायला लागली. त्याच्या पुढच्या दिवशी मास्तरणीची बदली झाली सोलापूरला… हो, इथं सोलापूरलाच की. घराच्या दारात कढीपत्ता, मागं लिंबू. मी डोळे मिटून पडलेली. मधेमधे पान उलटल्याचा आवाज करायचे, मला वाटावं की पुस्तकातलंच आहे.

नाही बोलले मी. ऐकत राहिले.

इंदूला दूधभात आवडतो, वर गूळ किसून. इंदू पायऱ्या मोजत चढते नि चारनंतर एकदम सात म्हणते…

हो. आपलीच म्हणायची तसं.

सिद्धू, ते मला आठवत नव्हतं गं. मी आई. मी रोज तिची आठवण काढायची, नि तरी ते सात माझ्याकडनं गळून गेलं होतं. ह्यांच्याकडं होतं. इतकी वर्षं होतं.

थांब, नाक पुसते. डोळ्याला हात लावायचा नाही, डॉक्टरीणबाई रागावतील.

हां. परवाचं सांगते. परवा दुपारी वाचता वाचता म्हणाले, "नवं दप्तर घेऊन शिवानी दारात उभी राहिली."

शिवानी म्हणाले.

त्यांनाही कळलं. थांबले. मी डोळे उघडले नाहीत. पुस्तक मिटल्याचा आवाज आला, मग मागचं दार. नि ऐकते तर झाडांना पाणी घालतायत. दुपारी दोनला. वैशाखात या वेळी कुणी पाणी घालतं का? मुळं भाजतात. मी आतनं ऐकतेय, तांब्या बादलीत बुडतोय, रिकामा होतोय, परत बुडतोय. शेवटी उठले. वाकायला मनाई होती, चालायला कुठं होती? दारापर्यंत गेले. पाठमोरे उभे होते. बनियन घामानं भिजलेलं, मान खाली. ऑपरेशन झाल्यावर इतकं लख्ख मी पहिल्यांदाच बघितलं त्यांना. केस किती पिकलेत, मानेवर किती सुरकुत्या…

माझ्याकडं एकोणतीस वर्षांचं भांडण होतं गं. जपून ठेवलेलं. कधीतरी करायचं म्हणून. ते तोंडात आलंच नाही.

मी म्हणाले, "दारात उभी राहिली. मग पुढं?"

तांब्या बादलीत ठेवला. मग म्हणाले, "पुढं अजून ठरलं नाही. वेण्या घालायच्यात तिच्या."

नि काल तुला फोन.

कळलं आता?… रड, रड. मी आहे. धरलाय फोन.

…

पाणी पी थोडं… हो, तूही आठवत असशील की. तुझ्याच पाठीवर असायची दिवसभर. आम्ही दोघांनी तुझं काय ते कधी विचारलंच नाही. चुकलंच ते.

नाही, पुस्तकात काय आहे ते वाचलं नाही… आज सकाळीच गेलो होतो दाखवायला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, झाले पंधरा दिवस, आता रोज अर्धा तास वाचा. घरी आल्यावर ह्यांनी आपण होऊन पुस्तक आणून माझ्या हातात दिलं. वर चष्मा ठेवला. शेवटची गाडी सोडल्यावर खिडकी बंद करून निघायचे ना, तसा चेहरा. मी उघडलं. जुन्या तिकिटाची खूण होती आत, त्या तिसऱ्या दिवसाच्याच पानावर. ते पान मुडपलेलं, कडेला घामाचं बोट उमटलेलं.

पुढं काय लिहिलंय ते वाचायला कशाला हवं? ह्यांच्या तोंडावर तेव्हाच वाचलं होतं मी.

मग मी पुस्तक डोळ्यापाशी नेलं, लांब नेलं, नि म्हणाले, "अक्षरं अजून पसरतायत हो. डॉक्टरीणबाई काहीही म्हणू देत. आणखी पंधरा दिवस तुम्हीच वाचा."

काय म्हणणार? मान हलवली. नि बागेत गेले. पण चाल बघायला हवी होतीस.

खोटं? हो, खोटं. अगं, इथनं मला समोरच्या कुंडीतली मुंगी दिसतेय.

नाही, बसवेशला तू काही सांगू नको. मी सांगेन. त्याला बहीण होती एवढंच ठाऊक आहे त्याला, भिंतीवर फोटोही नाही. सांगेन बसून एकदा. ह्यांना विचारून सांगेन.

नि परत तुला फोन आला तर विचारतील ते सांग. रडू नको, हसू नको, का म्हणून विचारू नको. आता पोरगी मोठी होत जाणार. सायकल कितवीत शिकतात, पाचवीत काय खेळतात, मैत्रिणींशी अबोला किती दिवस धरतात… तुझ्या घरात लेक वाढली, तुला ठाऊक. आम्हाला एका पोराचं तेवढं ठाऊक.

काय?… इंदूला मावशी आहे का?

अजून नाही आली गं. पहिलीतच आहे ती… तुला यायचंय? ये की. टेंभुर्णीहून काय, सकाळी बसलीस तर जेवायला इथं. चटई मोठी आहे, बाजूला पड. ऐक… हो, ह्यांना सांगते. वेण्या मावशीच घालेल म्हणावं… हो, लाल रिबिनीच्या.

थांब, हाक मारतायत.

हो… आले. सिद्धूचा फोन आहे… नाही हो, अजून अंधुकच आहे. तुम्ही बसा, पाणी घ्या उशाशी, आलेच मी.

सिद्धू, ठेवते गं. तिची शाळा भरायची वेळ झाली.