दहापैकी किती?

परदेशी डॉक्टर म्हटलं की मला आमची ॲना आठवते. स्कॉटलंडची, डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला. खेड्यातला अनुभव घ्यायला दिग्रसजवळच्या आमच्या दवाखान्यात आली होती आणि मी तिचा दुभाषा. पेशंट कोणीही असो, तिचा पहिला प्रश्न ठरलेला: दुखणं दहापैकी किती?

एकदा शांतामावशी आणि त्यांचे मालक आले. दोघंही एकाच मोटारसायकलवरून पडलेले.

मालकांचं कोपर खरचटलं होतं. कण्हत म्हणाले, "दहा! दहाच लिहा!"

मावशी पदराखाली हात धरून गप्प बसल्या होत्या. म्हणाल्या, "दोन."

साहजिकच ॲनानं मालकांना आधी घेतलं. त्यांची मलमपट्टी उरकून मावशींचा पदर बाजूला केला, तर मनगट टम्म सुजलेलं, चक्क मोडलेलं! ॲना आधीच गोरी, ती आणखी पांढरी पडली.

"मावशी, हे दोन कसं?" मी ओरडलोच.

"पाच लेकरं घरातच झाले माह्ये. ते दहा धरलं, त हे दोनच झालं ना बापा."

मी भाषांतर केलं. मनगटाला फळी बांधता बांधता ॲनानं विचारलं, "मग यांचे दहा कसे?"

मावशींनी नवऱ्याकडे पाहिलं.

"त्याईले आत्ताच कायले इचारता? एक बाळंतपण होऊ द्या त्याईचं, मंग इचारा."