खालच्या फळीवरचा डबा

— न्हाय न्हाय, पावणं, वीस नंबर नगा मागू. कुणी सांगितलं तुमाला? पातळ तेल हाय ते, नव्या इंजिनाला चालतंय. तुमची गाडी जुनी, धूर टाकती म्हंता — मग चाळीस नंबर. बोटाच्या चिमटीत धरून बगा, हे असं — तार धरतंय का न्हाय? धरतंय की. इंजिन तापलं तरी लोखंडाला चिकटून ऱ्हायला पायजे तेल, न्हायतर लोखंडावर लोखंड घासतंय आन् मग बसा बोंबलत. आन् डबा सीलबंदच घ्या. भामटे काय करत्यात, जळकं काळं तेल फडक्यातनं गाळत्यात आन् नवं म्हणून इकत्यात. गाळीव तेल म्हंत्यात तेला. वासावरनं कळतंय — मला कळतंय, सगळ्यांस्नी न्हाय कळत.

गाडी कंची म्हणालात? ॲम्बॅसडर — पांढरी? शिरोलीला फाउंड्री हाय, त्या हंबीररावांची?

व्हय, ऐकतोय की. न्हाय, मला काय झालं न्हाय. बसा जरा, च्या सांगतो. म्हंजे तुमी नवं ड्रायव्हर तेंचं — मागचा गेला व्हय? तेच्या आदीचाबी गेला. आन् तेच्याबी आदी मी. मी, बाळासो! बारा वर्सं चालवली ती गाडी. चौऱ्याहत्तर साली राधानगरीच्या वाटंवर भर दुपारी इंजिन जाम झालं. कशानं? तेलानं. तेल आणलतं कुणी? मालकानं सोता, स्वस्तात पिंप गावलं म्हणून. मी म्हणालतो, मालक, जळका वास येतोय, नगं घालाय. तर म्हणाला, तू गाडी चालवायचं बग. बरं, पुढच्या आठवड्यात खंडेनवमी. फाउंड्रीच्या सगळ्या गाड्या धुऊन, झेंडूचे हार घालून वळीनं उभ्या करत्यात, आन् पूजा झाली की मालक सोताच्या हातानं एकेका ड्रायव्हरला फेटा बांधतो. माझी पाळी आली. मी डोकं वाकवलं — आन् हा गडी फेटा मागं घेतो, म्हंतो, चांगलं तेल इकून गाळीव घालणाऱ्याला कसला फेटा? पन्नास माणसं हुती, पावणं! माझी मंडळी, मीनाबाई, निवदाचं ताट घेऊन उभी. ती अजून त्या रस्त्यानं जात न्हाय. आन् शिवाजी पेठेत, जितं माझा जनम गेला, तितं मला काय म्हणायला लागली लोकं? गाळीव. बाळासो न्हाय — गाळीव. ‘काय गाळीव, कुटं चाललास?’ शेवटी पेठ सोडली आन् हितं हायवेला हे दुकान टाकलं.

म्हणून म्हंतो, ते चाळीस ऱ्हाऊ द्या. ह्यो घ्या, खालच्या फळीवरचा. सील बगा, कसं घट्ट हाय. सात वर्सं ठेवलाय, ह्या एका गाडीपायी — म्हंजे — जुन्या गाडीला मुरलेलं तेल बरं असतंय. अवो, उघडताय कशाला? वास कसला घेताय?

असू दे. कळलं तर कळलं. व्हय, मीच भरलंय, झाकणबी मीच झाळलंय! जळू दे तेचं इंजिन. घाटात जळू दे, बायकापोरांसकट बसू दे तेला उनात, माझ्या जिवाला गार वाटंल!

काय म्हणालात? इंजिन जळलं की मालक कुणाला धरंल?

तुमाला. व्हय, तुमालाच धरंल तो. दुसऱ्या कुणाला धरणार? इंजिन बसलं की ड्रायव्हर चोर. परवाच्या खंडेनवमीला पन्नास माणसांत तुमास्नी उभं करंल. आन् तुमी म्हणणार, तेल बाळासोनं दिलं — मग गाळीव तेल बाळासोनंच घातलं की. ह्या बारीला तो भाड्या खरं बोलंल. सात वर्सं हे माझ्या डोक्यात आलं न्हाय, पावणं. सात वर्सं नुस्ता ह्यो डबा पुसतोय मी.

आणा हिकडं. हे चाळीस नंबर घ्या, आन् हितंच, माझ्याम्होरं ओता गाडीत. ओतलं? बॉनेट लावा.

न्हाय, फेकणार न्हाय मी ह्यो. ठेवतो जाग्यावर. हंबीरराव एक दिस सोता गाडी चालवत ईल हितं, ड्रायव्हरबिगर — तवा काढीन. बगत काय ऱ्हायलाय माझ्या तोंडाकडं? निघा!